सुमंगलाबाईंचा शुद्ध वर्ग

...आणि बाकावर उभं कोण? तर अख्खा वर्ग! अहो, तुम्हाला सांगतो, शाळा आहे की देवळातली दीपमाळ, काही कळू नये! ही आमची सुमंगलाबाई, राहायची साखळीला, शिकवायची लाटंबार्सेला, तिसरीला. गोवा राज्य नुकतंच झालेलं. कोकणी की मराठी म्हणून चहाच्या दुकानात चहा निवेपर्यंत भांडणं! बाईंनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला. वर्गात पुस्तकातली मराठी. दुसरा शब्द आला की बाकावर उभं!

बिचारा साईश हात वर करून विचारतो, "बाई, जनेल धांपूं? वारो येता." झालं! "जनेल नाही, खिडकी! धांपूं नाही, बंद करू! उभा राहा!" तो उभा, खिडकी उघडी, वारा आत, बाईंचेच कागद उडतायत. कागद धरायला गौरवी धावली, "बाई, हांव धरतां!" तीही उभी! दिवाळी येईतो बसलेली एकच मुलगी उरली. लक्ष्मी.

ती का बसलेली? कारण ती तोंडच उघडत नव्हती हो! बाप महादेव खाणीवर ट्रक चालवायचा, माणसं दोडामार्गाकडची, घरात मालवणी. पोरीनं पहिल्या दिवशी बघितलं, बोललं की बाकावर चढवतात... गप्प बसली. बाईंना वाटलं, मुकी असेल, नाहीतर बहिरी. तिच्या आईला, सरस्वतीला बोलावलं आणि तिच्या तोंडावर सांगितलं, "हिचे कान तपासून आणा. जमलं नाही तर दुसरी शाळा बघा." दुसरी शाळा! त्या माउलीनं कामाचा खाडा करून पोरीला म्हापशाला डॉक्टरकडे नेलं.

आली की दुसऱ्या दिवशी. वर्ग भरलेला, म्हणजे उभा. दारातूनच हात जोडून म्हणते, "बाईनू, चेडवाचे कान बरे आसत. थंयसर डॉक्टराकडे तर ती गप रवाक तयार नाय. डॉक्टर हसाक लागलो. तो म्हणालो, चेडवाक बाईंचा बोलणा समाजता. बाईंका चेडवाचा समाजता काय, ताच इचार."

टोमणा नाही हो! खरंच विचारत होती, उत्तरासाठी थांबली होती! आता सांगा, तोंड लपवायचं कुठे? समोर बाकावर उभी पोरं, सगळी वरून बघतायत!

बाई घरी आल्या, जेवल्या नाहीत. नवऱ्याला, कृष्णनाथला सगळं सांगितलं. वाटलं असेल, धीर देईल. तो म्हणतो, "गे, म्हज्यार तापता तेन्ना तूं खंयचे भाशेन उलयता?" बाई त्याच्यावर तापल्या. बोलल्या. कोकणीतच! आता सांगा, तोंड लपवायचं कुठे?

सकाळी वर्गात शिरल्या शिरल्या सगळ्यांना खाली बसवलं. खिडकीकडे बोट केलं, "हिला घरी काय म्हणता रे?" पोरांना वाटलं, बाईंनी सापळा लावलाय. शेवटी साईश उठला, आधी आपणहून बाकावर चढला आणि मग म्हणाला, "जनेल!"

बाई म्हणाल्या, "खाली उतर, बाबा." मग गौरवीकडे बोट केलं, "ही कोण?" पोरं ओरडली, "चली!" आणि मागून, एकदम बारीक आवाजात... "चेडू."

लक्ष्मी! बाईंनी हळूच विचारलं, "आणि पुस्तकात?"

"मुलगी." आणि त्यापुढे अख्खा धडा, घडघडा, पुस्तक न उघडता! सगळं येत होतं हो पोरीला! फक्त तिच्या घरच्या शब्दाला कुणी "ये, बस" म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून फळ्यावर घरचा शब्द आधी, पुस्तकातला त्याच्या शेजारी. निबंध असे लिहायला लागली पोरं, की तपासणीला आलेले साहेब खूश! म्हणाले, "बाई, साखळीला शिक्षकांची सभा आहे. मुलांना बोलतं कसं करावं, यावर तुम्ही बोला."

बाई गेल्या. माइकसमोर उभ्या राहिल्या. भाषण पाठ होतं, शुद्ध, काना-मात्रेसकट. समोर एवढी माणसं बघितली आणि... एक शब्द फुटेना! अध्यक्ष घड्याळ बघतायत. शेवटी तोंडातून आलं ते घरचंच, "म्हाका लज दिसता हो!" आणि मग थांबल्याच नाहीत. बाक, कान, म्हापसा, सगळं सांगितलं, डोळ्यांतून पाणी.

आणि सभागृह? हसून हसून लोळतंय! लोकांना वाटलं, बाई नक्कल करतायत! टाळ्या! "वन्स मोअर!" बाई म्हणतायत, "अहो, खरंच, असंच झालं," तर लोक आणखी हसतायत!

आता दर वर्षी बोलावणं येतं. शाल देतात, नारळ देतात. बाई मान खाली घालून घेतात, वर बघतच नाहीत. आणि लोक म्हणतात... "बघा, एवढं नाव झालं, पण बाईंचा विनय किती!"