फरशीखालच्या माश्या

मुलगी : बाबा, अंगणातले माझे झेंडे कुठे गेले?

बाबा : धुऊन डब्यात ठेवलेत. एकही हरवलेला नाही.

मुलगी : धुवायला कोणी सांगितलं होतं? एकेका झेंड्याशेजारी एकेका माशीचं बीळ होतं. चार वर्षं त्यांचा अभ्यास करतेय मी, आणि तुम्ही खुशाल फरशी टाकून मोकळे झालात?

बाबा : कसली बिळं? सगळी बुजलेली होती. मी वाकून पाहिलं ना.

मुलगी : बुजलेलीच असणार. मादी आत परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते, तोंड लिंपते आणि मरते. पिल्लं वर्षानं वर येतात. म्हणजे आत्ता, याच आठवड्यात. वर येतील आणि तुमच्या फरशीवर डोकं आपटतील.

बाबा : आणि पोळं? मध?

मुलगी : कितीदा सांगू? रानमाश्या आहेत या. पोळं नाही, मध नाही, राणी नाही. एकटीचा संसार. पण शेजारच्यांच्या वेलाला भोपळे धरतात ते यांच्याच जिवावर.

बाबा : मग जातील दुसऱ्या अंगणात. जमिनीला काय तोटा आहे?

मुलगी : जिथे जन्मतात तिथेच परत येऊन बीळ करतात, हेच तर सिद्ध करत होते मी.

बाबा : बरं आहे. निदान त्या तरी माहेरी येतात.

मुलगी : मी येत नाही का दर वर्षी?

बाबा : येतेस की. आल्यापासून जाईपर्यंत अंगणात पालथी. तुला माझं तोंड दिसावं म्हणून आता मीच एक बीळ करून राहतो.

मुलगी : टोमणे नंतर मारा. छिन्नी कुठाय?

बाबा : फरशीला हात लावू नकोस.

मुलगी : तुम्हाला चकचकीत अंगण हवं, म्हणून माझं चार वर्षांचं काम पाण्यात.

बाबा : चकचकीत? नीट बघ तरी. मुद्दाम खडबडीत घेतलीय, पाय ठरावा म्हणून.

मुलगी : म्हणजे?

बाबा : पडलो होतो. मातीत काठी रुतली, तिथे फाटकाजवळ. शेजाऱ्यांनी उचलून आत आणलं.

मुलगी : आणि मला एका शब्दानं कळवलं नाहीत?

बाबा : फोन केला होता. मोजणी चाललीय, नंतर करते, म्हणालीस.

(मुलगी खाली बसते आणि खडबडीत फरशीवरून हात फिरवते.)

बाबा : असं तोंड पाडू नकोस. फोड फरशी. त्या जिवांनी माझं काय घोडं मारलंय?

मुलगी : आणि तुम्ही फाटकापर्यंत जाणार कसे?

बाबा : तुझा हात धरून. किती दिवस असतात गं त्या बाहेर?

मुलगी : फार तर महिनाभर.

बाबा : चालेल तेवढं.