बिनखळीचं घोंगडं

ताई, आमी मूळचे सांगोल्याकडचे, धनगर. थोरल्या भावाकडं मेंढरं आली आन माझ्याकडं बापाचा माग आला, घोंगड्याचा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आन हातानं धोटा फेकायचा, त्यो माग. पुढं पाऊस हुईना, चारा हुईना, मेंढरं कमी झाली तशी लोकरबी कमी झाली, मग मी बायकू-पोरीला घिऊन सोलापुरात आलो, भवानी पेठेत, टॉवेलाच्या कारखान्यात लागलो. पण बापाचा माग काय सोडवंना, त्योबी आणला संगं, आन घरामागं पत्र्याखाली खड्डा खणून बसवला. घरमालक म्हणला, हीर पाडतोय का काय रं? म्हणलं, पाणी लागलं तर तुमचं, घोंगडं निघालं तर माझं.

आमची पोरगी रेणू, एकच हाय. लई शिकली. काय शिकली ते मला नीट सांगता यायचं न्हाय, तिनं जसं सांगितलं तसं सांगतो. जगाच्या पार खालच्या टोकाला, दक्षिण ध्रुवाकडं, बर्फच बर्फ हाय. त्यात एक जागा मधी फुगलेली हाय, घमेलं पालथं घातल्यावानी, पण एवढी मोठी की चालणाऱ्याला चढ कळत न्हाय. तितं ह्या वरसाचा बर्फ मागच्या वरसाच्या बर्फावर पडतो आन वितळतच न्हाय. ही माणसं तितं यंत्रानं भोक पाडून खालचा बर्फ वर काढत्यात, दंडाएवढ्या कांड्या. जेवढं खाली तेवढं जुनं. त्यात जुनी हवा अडकलेली असती, जुनी धूळ असती, आन धूळ जास्त घावली की समजायचं, त्या काळात जग कोरडं हुतं. रेणूचं काम त्या धुळीचं. मला लगीच पटलं. दुष्काळाच्या वरसाची लोकर हातात घेतली की मलाबी कळतंय, आखूड असती, तुटती. ती म्हणती, आबा, मागं ऊन कसं वाढत गेलं ते कळलं की पुढचं कळंल. म्हणलं कळू दे लवकर, हितं सोलापुरात चैतातच माणसाची जीभ बाहेर येती.

तर तिचं तिकडं जायचं ठरलं. तिची आई रडली. मी रडलो न्हाय, मी मागावर बसलो. भावाकडनं जावळ मागवलं, जावळ म्हंजे कोकराची पयली कातरणी, लई मऊ. काय सांगू तुमाला, असं घोंगडं मी माझ्या लग्नालाबी विणलं न्हवतं. आता घोंगडं विणून झालं की त्याला चिंचोक्याची खळ लावत्यात, शिजवून, कुंच्यानं चोळून. त्यानं घोंगडं ताठ हुतंय, केस बसत्यात, झडत न्हाईत. पण टोचतंय. रेणू ल्हान हुती तवा घोंगडं पांघरलं की मानेवर लाल लाल उठायचं तिच्या. म्हणलं, नगंच खळ. बायकूनं चिंचोके भाजून ठिवलं हुतं, म्हणली, आवो रीत हाय ती. म्हणलं, तू गप. आयुष्यात एकच घोंगडं बिनखळीचं हातावेगळं केलं, ते हे, आन तेच रेणू संगं घिऊन गेली.

तिकडनं आठ दिसातनं एकदा फोन यायचा. आमाला हितनं लावता यायचा न्हाय. एकदा मधीच आला. रेणू म्हणली, आबा, एकच इचारते, घोंगड्याला खळ लावली हुती का? मला वाटलं, कुणीतरी नावं ठिवली माझ्या कामाला, तितल्या मोठ्या लोकात. तोंडातनं निघून गेलं, लावली की, खळ न लावता घोंगडं देतोय व्हय कुणी? ती म्हणली, मग झडणार न्हाय न्हवं? म्हणलं, एक केस झडला तर नाव बदलीन. बरं म्हणली, आन फोन बंद.

बायकू दारात हुबी. म्हणली, पोरगी कामाचं इचारत हुती, आन तुमी तिला खोटं सांगितलं. मी म्हणलं, त्यात काय एवढं. पण मागनं खरं सांगावंसं वाटाय लागलं. फोन लावावा म्हणलं तर लागत न्हाय. आठ दिस कारखान्यात माझ्याच मागावर धागं तुटत हुतं, शेजारचा तेलुगू गडी म्हणला, मामा, तब्येत बरी न्हाय का?

फोन आला तसं मी तिला बोलूच दिलं न्हाय. म्हणलं, रेणू, आदी माझं ऐक, खळ लावली न्हवती, तुझी मान टोचंल म्हणून न्हाय लावली, मी खोटं बोललो. मग तिनं सांगितलं. खालच्या जुन्या बर्फाच्या पाण्यात भिंगाखाली एक केस घावला हुता. हजारो वरसाच्या बर्फात जनावराचा केस कुटला? सगळी माणसं जमली. हिला वाटलं, काम करताना खांद्यावर घेती त्या घोंगड्याचा आसंल, म्हणून मला इचारलं. आन माझ्या शब्दावर तिनं तितल्या कामाच्या मोठ्या मॅडमला सांगितलं, माझ्या घोंगड्याचा न्हाय. मॅडमनं तसं लिहूनबी ठिवलं. मी म्हणलं, सांग त्यास्नी, माझा बाप खोटारडा हाय. ती म्हणली, न्हाय आबा, मीच घोंगडं भिंगाखाली धरून बगायला पायजे हुतं, ते माझं काम. आन गेली सांगायला.

मॅडम सगळ्यांदेखत बोलली तिला. पुन्ना सगळ्या कांड्यांचा वरचा थर तासून काढला, आत सोच्छ निघालं, काम वाचलं. पण रेणूला त्या बर्फाला हात लावू दिला न्हाय, बाहेर वाऱ्यात उभं करून कांड्यांच्या पेट्यांवर नंबर टाकायला लावलं, पार शेवटपतूर. परत आली तवा बोटांची कातडी सोलल्याली. तिचं हात हातात घेतलं आन मी लहान पोरावानी रडलो. म्हणलं, माझ्यापायी झालं. तर म्हणती कशी, आबा, मीबी तुमास्नी दर फोनला सांगत हुते, हितं कायच थंडी न्हाय, खुशाल हाय. तुमी माझ्या मानेसाठी खोटं बोलला, मी तुमच्या झोपेसाठी.

तवापास्नं आमा दोघात ठरलंय, काय आसंल ते खरं सांगायचं. औंदा त्याच मॅडमनं तिला पुन्ना बोलवलंय, धुळीच्याच कामावर. गेलीया. फोनवर इचारती, तब्येत कशी? मी सांगतो, डावा गुडघा वळत न्हाय, जिना चढताना थांबावं लागतंय. बायकू खुणा करती, लेकराला कशाला घोर. मी सांगतोच. काल तीबी म्हणली, आबा, आज लई गार हाय, हात चालंना, तुमची लई आठवण येतीया. पयलं तिनं असं कवा सांगितलं न्हवतं. मी हितनं काय करणार, ताई? फोन कानाला घट्ट धरला आन म्हणलं, सांग बाळा, सगळं सांग, मी ऐकतोय.