गादीवाल्याचा ट्रक

...आणि वर मलाच विचारतात, "काका, या वयात खेळण्यातला ट्रक?" अहो, खोक्यावर स्पष्ट छापलंय, आठ वर्षं आणि त्यापुढे! मी त्यापुढेच आहे की! चांगला पुढे आहे, गुडघ्यांना विचारा... बसा, बसा तुम्ही, गादी उभ्यानं कळत नाही. कडेला नको, वहिनी, अशा मध्ये बसा, कडेला बसून गादी पारखणारा आणि दारातून स्थळ बघून जाणारा, दोघंही हमखास फसतात. हां! आता कसं वाटतंय? लगेच सांगू नका. सूनबाई आत जेवायला गेल्यात, दुकान आपलंच आहे, तोवर या ट्रकची हकिगत ऐका, कारण हा ट्रक नसता ना, तर या खुर्चीवर मी तुम्हाला दिसलोच नसतो!

तुम्हाला सांगतो, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस आराम करा. थोडे! पण आमच्या सूनबाईंनी ते 'थोडे' असे काही ताणले की आमचा फोमसुद्धा तेवढा ताणला जात नाही. मी काठी टेकत टेकत दुकानात यायचो आणि बघतो तर काय, गल्ल्यामागची खुर्ची भरलेली! "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता? आत पडा ना जरा." इतक्या गोड आवाजात की भांडायला जागाच सापडू नये. आमचे चिरंजीव माल आणायला बाहेरगावी, त्यामुळे दाद मागायची तर कुणाकडे? आणि गुडघ्याचं नुसतं निमित्त हो! खरं दुखणं माझ्या जिभेचं. मी म्हणे गिऱ्हाइकाला गोष्टी सांगत बसतो. आता बघा, एक नवं जोडपं आलं होतं, डबल गादी हवी म्हणाले, मी आपलं नुसतं विचारलं, "घोरतं कोण?" धंद्यातला प्रश्न आहे, घोरणाऱ्याला उशी वेगळी द्यावी लागते! ती म्हणाली, "हे." तो म्हणाला, "मी? आणि तू गं?" मग मी त्यांना शांत करायला आमच्या मेव्हण्याच्या घोरण्याची गोष्ट सांगितली, ती जरा लांबली, आणि दोघं बाहेर पडून समोरच्या दुकानातून दोन सिंगल गाद्या घेऊन गेली. यात माझं काय चुकलं?

तर मी आत. आत म्हणजे दुकानाच्या मागे गोदाम, गोदामामागे अंगण, अंगणापलीकडे स्वयंपाकघर, त्या स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खुर्चीवर मी. आयुष्यभर माणसं बघितलेला माणूस, आणि समोर काय? कुकर! लेकीला फोनवर माझा आवाज पडलेला वाटला म्हणून तिनं हे खोकं पाठवलं. प्लास्टिकचे ठोकळे, दांड्या, दातेरी चक्रं, दोन मोटरी, छोट्या छोट्या स्प्रिंगा, एक रिमोट. "बाबा, हात हलते ठेवा." सोबतच्या पुस्तिकेत क्रेन करायची कृती होती. मी पुस्तिका मिटून ठेवली. मला क्रेन घेऊन काय करायचंय, घरात उचलून बाजूला ठेवण्यासारखा एकटा मीच होतो आणि मला आधीच ठेवलेलं! मी म्हटलं, आपण ट्रक करू. दगडधोंड्यांतून जाणारा. आपल्या अक्कलहुशारीनं. मी हा धंदा कुठल्या कॉलेजात शिकलो? जुन्या गाद्या उसवून शिकलो! आणि शेवटी स्प्रिंग म्हणजे स्प्रिंग, गादीवाल्याला कुणी स्प्रिंग शिकवू नये!

हे मी जरा मोठ्यानं बोललो असणार. सूनबाई दारात. म्हणाल्या, "कशाला हो ट्रक?" मी म्हटलं, "दुपारचा चहा इथून दुकानात न्यायला. तुमच्या सासूबाई कप घेऊन अंगण ओलांडेपर्यंत चहाचं सरबत होतं." सूनबाई हसल्या. त्या हसल्या ना, की मला आमच्या जुन्या घाऊक व्यापाऱ्याची आठवण होते, तोही भाव वाढवायच्या आधी असाच हसायचा. म्हणाल्या, "बाबा, भरलेला कप एक थेंब न सांडता गल्ल्यापर्यंत आणा. दुकानातली खुर्ची तुमची. मी शब्द मागे घेणार नाही." मी म्हटलं, "आणि सांडला तर?" "तर गुडघा पूर्ण बरा होईपर्यंत दुकानात पाऊल टाकायचं नाही." "पूर्ण बरा झाला हे ठरवणार कोण?" "मी." बघितलंत? डॉक्टरांच्या हातून केस कधी काढून घेतली, डॉक्टरांनाही कळलं नाही!

आता रस्ता कसा, ते ऐका. स्वयंपाकघराचा उंबरठा, मग अंगण. अंगणातल्या फरशा अशा उखडलेल्या की मांजरसुद्धा बघून पाय टाकतं. मध्येच नळाचा कट्टा, त्याला वळसा, पलीकडे मोरी, मग गोदामाची पायरी, तिथं मी लाकडाचा उतार टाकला, आणि मग हे दुकान. मी म्हटलं, सोपं आहे. गिऱ्हाईक काय मागतं? मऊ! खोक्यातल्या सगळ्यांत मऊ चार स्प्रिंगा चार चाकांवर बसवल्या. वर भरला कप ठेवला. ट्रकनं काय केलं असेल? नमस्कार! पोट जमिनीला टेकवून साष्टांग! चाकं फिरतायत, अंगाला घासतायत, ट्रक जागचा हलत नाही. आमची ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हैस बसली तुमची."

बरं, मग कडक. पाठदुखीवाल्यांना आपण देतो ना, तशी. उंबरठ्यावर चाक चढलं आणि काय सांगू, ट्रक खाली, कप वर, आणि दोघांच्या मध्ये हवेत चहा! तो चहा खाली आला तो थेट हिच्या निवडलेल्या भाजीत. मग घरात जे बोलणं झालं ते मी तुम्हाला सांगत नाही, तुम्ही गादी घ्यायला आलात, तुमचं मन कशाला खराब करू.

पण व्यापारी माणूस हार मानतो का? विचार केला, आपण हयातभर काय बघितलं? तराजू! दांडी मध्ये टांगलेली, एक पारडं वर, दुसरं खाली, पण मधला काटा जागच्या जागी. तशी चाकांची दांडी मध्यावर टांगली तर? एक चाक दगडावर चढेल, दुसरं खाली राहील, आणि मधला ट्रक सरळ! टांगली. पुढची टांगली, हावरेपणानं मागचीही टांगली. झालं! ट्रकला आधारच उरला नाही, दारू पिऊन घरी आलेल्या माणसासारखा एका अंगावर कलला आणि तसाच राहिला. तेव्हा अक्कल आली, घरात एकाला तरी ताठ राहावं लागतं. पुढची दांडी झुलती ठेवली, मागे मध्यम स्प्रिंगा दिल्या. आणि तुम्हाला सांगतो, उंबरठा असा ओलांडला, असा, जशी मोठ्या घरची बाई पदर सावरून ओलांडते! मी हिला म्हटलं, "बघ! गादीवाल्याला कुणी स्प्रिंग शिकवू नये!" ही म्हणाली, "कुणी शिकवत नाहीये हो. तुम्ही आधी ते वळवा, भिंतीला धडकतंय."

स्टिअरिंग! तिथं माझा जीव अर्धा झाला. वळवायची मोटर मी वर ठेवलेली, ट्रकच्या अंगावर, आणि तिथून एक काडी खाली झुलत्या दांडीपर्यंत. आता दांडी झुलली की काडी ओढली जाणार, काडी ओढली की चाकं वळणार! म्हणजे मी म्हणतोय सरळ, आणि प्रत्येक फरशीवर ट्रक स्वतःच्या मनानं इकडेतिकडे बघतोय, बाजारात नेलेल्या पाहुण्यासारखा. कितीतरी दिवस मी त्या काडीशी झटलो. आखूड केली, लांब केली, तिच्याशी बोललोसुद्धा. शेवटी एकदा दाढी करताना डोक्यात प्रकाश पडला की मोटर वर कशाला? ती त्या दांडीवरच बसवा, दांडीबरोबर तिलाही झुलू दे, मग ओढाताणच नाही! तसाच अर्ध्या दाढीनं उठलो, बसवली, आणि ट्रक सुतासारखा सरळ. जेवताना मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "लांब आत बसून कारभार होत नाही. हुकूम देणाऱ्यानं जिथे धक्के बसतात तिथेच बसावं." सूनबाईंनी पानातून मान वर केली. म्हणाल्या, "अगदी खरं बोललात, बाबा. म्हणूनच मी गल्ल्यावर बसते."

मी पाणी प्यायलो.

तर परीक्षेचा दिवस. सूनबाई इथे या खुर्चीवर, मी तिथे स्वयंपाकघराच्या दारात रिमोट घेऊन, हिनं काठोकाठ कप भरून ट्रकवर ठेवला, मुद्दाम काठोकाठ, नवऱ्याच्या बाजूनं असलेल्या बाईनं थोडा कमी भरला असता की नाही? निघाला ट्रक. उंबरठा पार. पहिली फरशी पार. दांडी झुलतेय, कप स्थिर, माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. आला नळाचा कट्टा. डावीकडून वळसा घ्यायचा. मी रिमोट डावीकडे दाबला, आणि ट्रक... उजवीकडे! मी आणखी डावीकडे, तो आणखी उजवीकडे! समोर मोरी! मी ओरडलो, ही ओरडली, नुसतं ओरडून काय होतंय, मी सगळं सोडून दिलं तेव्हा तो थांबला. कुठे? मोरीच्या काठावर, एक चाक खाली लोंबकळतंय, दांडी ही अशी तिरपी, आणि कप? कप सरळ! बशी कोरडी! थेंब नाही!

मला काही समजेना. घरात इतके दिवस शहाण्यासारखा चालणारा ट्रक आजच असा उलटा का वळला? ही शांतपणे म्हणाली, "अहो, घरात तुम्ही त्या खिडकीतल्या खुर्चीवरून हललात का कधी? मी आपली ट्रक उंबरठ्यापलीकडे नेऊन ठेवायचे, आणि तो तुमच्याकडे यायचा. तोंड तुमच्याकडे करून. आज पहिल्यांदा तुमच्याकडे पाठ करून निघाला. गल्ल्यावर बसून बसून तुम्हाला सगळं जग समोरून येणारंच ठाऊक. ट्रकही गिऱ्हाइकासारखा केलात, तुमचं डावं ते त्याचं उजवं!"

बरोबर होतं हो तिचं. तिकडून सूनबाई ओरडल्या, "बाबा, वळवायची मोटर उलटी बसवा, होईल सरळ! उद्या परत घेऊ!" उद्या? भरला कप मोरीवर टांगलेला सोडून उद्या? आणि मला सांगा, खरा दुकानदार मालातला दोष दोष म्हणून विकतो का? मी काठी घेतली, अंगण ओलांडलं, गोदाम ओलांडलं, थेट या खुर्चीसमोर येऊन उभा राहिलो. म्हटलं, "सूनबाई, उठा." त्या म्हणाल्या, "खुर्ची जिंकल्यावर, बाबा." मी म्हटलं, "हा ट्रक समोरून चालवायचा खास ट्रक आहे. चालवणारा गल्ल्यावरच बसावा लागतो. कप कुठून कुठे यायचा ते आपलं ठरलंय, चालवणारा कुठे बसायचा ते ठरलंय का?" सूनबाई पुन्हा तश्शाच हसल्या, त्या घाऊक व्यापाऱ्यासारख्या, आणि उठल्या! मला तेव्हाच संशय यायला हवा होता. मी बसलो. काय सांगू, किती दिवसांनी पाठीला ती खुर्ची लागली! मागचं दार सताड उघडं, गोदामातून पार अंगण दिसतंय. अलगद ट्रक मोरीवरून मागे घेतला, तोंड इकडे केलं, आणि आणला नळाला वळसा घालून, पायरीवरून, गाद्यांच्या मधून, या इथे, माझ्या पायाशी. सूनबाईंनी वाकून बशीवरून बोट फिरवलं. कोरडं! मी म्हटलं, "गादीवाल्याला..." त्या म्हणाल्या, "हो बाबा, कुणी स्प्रिंग शिकवू नये. खुर्ची तुमची."

आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? सांगतो ना! तो ट्रक चालवायला लागतात दोन्ही हात, दोन्ही डोळे, आणि जीभ दातांत धरावी लागते, नाहीतर नळाचं वळण चुकतं. बोलायची सोय नाही. हे सूनबाईंनी त्याच दिवशी हेरलं! आधी नुसता चहा यायचा. मग पाणी यायला लागलं. मग बिस्किटं, मग कात्री, मग मापाची टेप, मग परत पाणी, मला तहान नसताना! आणि येतं कधी? मी गिऱ्हाइकाला गोष्टीच्या ऐन रंगात नेलं की अंगणातून हाक, "बाबा, ट्रक निघतोय!" कप ट्रकवर, ट्रक उंबरठ्यावर, आता तो मधेच सोडून कसा देणार? मी रिमोटला चिकटतो, आणि ट्रकच्या मागून सूनबाई येतात, गिऱ्हाइकाला दोन शब्द सांगतात, गादी बांधून देतात. चिरंजीव परवा फोनवर म्हणाले, "बाबा, तुम्ही गल्ल्यावर बसायला लागल्यापासून खप फार वाढलाय हो!" मी म्हटलं, "अनुभव आहे, बाळा."

...असो. वहिनी, तुम्ही अजून मध्येच बसलाय ना? छान. तर या गादीतली स्प्रिंग, हिची एक गंमत आहे, आमचे एक मेव्हणे होते, घोरायचे, त्यांनी एकदा काय केलं...

हो, हो, ऐकलं! ...ट्रक निघाला म्हणे.

गादी मऊ घ्यायची की कडक, ते आता ट्रकमागून येतात त्यांना विचारा. मला नळाचं वळण आलं.