शेपटीवरचा लाल शिक्का

—नाही, नाही, इनुकाईसान, बर्फावर घसरायची फळी अशी लादीवर ठेवून तिच्यावर उड्या मारायच्या नाहीत! सगळे हेच करतात. दोन वर्षं नंबर लावून थांबायचं, तोक्योहून होक्काइदोला यायचं, आणि या मोरिवाकीच्या कारखान्यात बुटांसकट उभं राहून म्हणायचं काय — तर "जरा रुंद वाटते." वाटते म्हणे! अहो, रुंदच आहे. फळीचं पुढचं नाक परातीएवढं केलंय ते काय त्यात कणीक मळायला? कंबरभर भुसभुशीत बर्फात नाक वर राहायला हवं, शेपटी खाली बसायला हवी — म्हणून शेपटी आखूड, म्हणून पायाचे पट्टे इतके मागे. मागच्या मांडीला रग लागत नाही, तुम्ही नुसतं बघायचं आणि ती वळते. डॉक्टर माणूस ना तुम्ही? दातांचे का असेना. मग एवढं कळायला हवं.

काय? बाकीच्या बर्फावर कशी चालेल? हा, आलात मुद्द्यावर. तुम्हा शहरवाल्यांना एकाच फळीत सगळं हवं — भातही तीच शिजवणार, कपडेही तीच धुणार! ऐका मग. यंत्राने दाबून सपाट केलेल्या वाटेवर — चालते, पण आळसावून. या कडेवरून त्या कडेवर यायला वेळ घेते, आणि जोरात सोडलीत की नाक फडफडतं. रात्रीतून गोठून काच झालेल्या बर्फावर — तिथे जाऊच नका. शेपटीकडे कडच कमी आहे, धरणार कशाने? बसाल ढुंगणावर, आणि नाव माझं घ्याल. दुपारी लोकांनी उकरून ठेवलेल्या बर्फात बरी, रेटून नेते. मार्चमधला बर्फ म्हणजे भाताची पेज — त्यात तरंगते, पण रडतरखडत. उलटं घसरायचं? विसरा. आणि बर्चच्या झाडीत, सकाळी, कोणी गेलेलं नसताना — तिथे मात्र — तिथे आवाजसुद्धा होत नाही हो. स्वतःचा श्वास ऐकू येतो फक्त. दोन झाडांमध्ये हातभर जागा दिसली की ती आपणहून —

असो. हा शिक्का बघितलात? शेपटीवरचा, लाल. मोरिवाकीचा शिक्का. पस्तीस वर्षांचा रिवाज आहे — प्रत्येक फळी मी स्वतः दिवसभर डोंगरावर चालवतो, मगच शिक्का. न चालवलेल्या फळीवर शिक्का मारणारे खालच्या गावात पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे जा! हॅ! एकाला मी तोंडावर विचारलं होतं, म्हटलं, न चाखता सूप वाढतोस, लाज नाही वाटत?

उलटी कशाला करताय? तळ काय बघताय? स्वच्छ आहेच तो. मी — मेण लावलंय ना कालच. मेणाने ओरखडे जातात. जातात म्हणजे, काही जातात. पट्ट्यांच्या जागी घासल्याची खूण नाही? एकही नाही? दातांच्या फटी शोधणारे डोळे तुमचे, इथेही लागलात शोधायला! तुमची फळी तुम्हाला मिळाली, तळाशी काय देणंघेणं तुमचं?

…गुडघा. गुडघा धरलाय माझा. सगळ्या गावाला माहीत आहे. काय बघताय असं? आत्ता या शिडीवर दोनदा चढलो ते बघितलंत होय. बरं, नाही धरला गुडघा. झालं समाधान? तीन हिवाळ्यांपूर्वी फरच्या एका झाडाशी वळलो — बुंध्याभोवती पोकळी होती, वरून दिसत नाही ती — डोक्यावर पडलो आत. पाय वर फळीत अडकलेले, तोंडात बर्फ. ओरडलो तर आणखी आत गेला. सुमिए, माझी बायको, मागून येत होती म्हणून वाचलो. तिने हातांनी उकरलं. तेव्हापासून रोज सकाळी फळी काखेत मारून निघतो, डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यापर्यंत जातो, आणि — नाही बसवत, इनुकाईसान. खाली कॉफी पितो. घरी शिरताना फळीला मूठभर बर्फ चोळतो. सुमिए विचारते, कशी होती आजची? मी म्हणतो, फर्स्टक्लास! आणि शिक्का मारतो. एकवीस फळ्या. तुमची बाविसावी. नवीन आकार आहे हा, कागदावर काढलेला. झाडीत वळते म्हणालो ना मघाशी? मला काय माहीत वळते की नाही! जुन्या फळ्या वळायच्या.

आणा इकडे. आणा म्हणतो ना! तो पॉलिशपेपर द्या — तो नव्हे, जाडा. सरका. हं… हं… आणखी थोडा… गेला शिक्का. आता ही नुसती फळी आहे, हवी तर न्या, नको तर ठेवा. नेताय? मग नीट ऐका, उद्या उजाडताच वर जा, बर्चच्या झाडीत, पण एकटे नाही, कोणाला तरी मागे ठेवा. आणि संध्याकाळी येऊन मला सांगा — मागच्या पायावर नुसतं टेकलं की नाक आपणहून उचलतं का, आणि झाडीत अजून तसाच, नुसता आपला श्वास ऐकू —

नको. नका येऊ. आणि असं बघू नका माझ्याकडे, मी काही तुमचा पेशंट नाही. निघा आता. दार ओढून घ्या जाताना, बर्फ आत येतोय.