लाल गाडीचा पिवळा दिवा

माजं नाव बिरा. आमी मूळचे मंगळवेढ्याकडचे, धनगर, घरात मेंढरं, आन बाप वरसातलं आठ-नऊ म्हैने मेंढरामागं फिरायचा, बापामागं आमी, मंग शाळा कशी हुनार सांगा की. आई चालता चालता चातीवर लोकर कातायची, काळी लोकर, तिचा पीळ मी डोळं झाकून वळकतो. पन माजं ध्यान मेंढरात न्हवतंच, हायवेच्या कडंला ट्रक हुबा दिसला की मी खाली वाकून बगायचा, आन बाप वरडायचा, मेंढरू चाललं की रं तिकडं, तू खाली काय बगालास. त्यातनंच सोलापुरात एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलो, शिकलो, आन आता चिंचोळी एमआयडीसीच्या अलीकडं माजं सोताचं ग्यारेज हाय. टेंपो, जीपा, कामगारांच्या मोटारसायकली, हेच आमचं गिऱ्हाईक. स्पोर्ट्स कार म्हंजे मोबाइलात बगायची, येवढंच.

आन एक दिवस ती आलीच की वो दारात! काय सांगू तुमाला, लालभडक, दोन दारं, दोनच शिटं, येवढी खाली की कोंबडी बी खालनं जायाची न्हाय, आन आवाज असा की शेजारचा चहावाला उकळता चहा सोडून रस्त्यावर आला. माज्या अंगावर काटा आला, खरंच सांगतो. चालवनारा आपल्याकडचाच पोरगा, संतोष म्हनून, बंगळूरला नोकरीला. आन गंमत बगा, गाडीच्या मागनं एक वडाप जीप आली, शिटं भरून न्हेती ती, तिच्यातनं गाठुडं घिऊन त्याची आई उतरली. म्या म्हनलं मावशे, लेकाची असली गाडी सोडून वडापनं आलीस व्हय? ती म्हनली त्या गाडीत पिवळा दिवा पेटतोय, ब्रेकाचा, ह्याच्या बापाचा बी ट्रकचा ब्रेकच गेल्ता, त्यातच ते गेलं, दिवा विझला तर मी ह्याच्यासंगं बंगळूरला ऱ्हायाला जानार, न्हाय विझला तर आली तशी वडापनं माघारी.

संतोष मला बाजूला घिऊन म्हनला, मामा, ती गावात एकटी ऱ्हाती, किती वरसं मी बोलवालोय, आत्ता कुटं तयार झालीया, आन हा दिवा आडवा आला. आता तुमीच बगा, माजं काम गाडीचं, पन जबाबदारी कसली पडली ती!

तो दिवा एबीएसचा. म्हंजे कसं, ब्रेक कचकन मारला तर चाक जाम हून गाडी घसरू नये म्हनून हरएक चाकापाशी एक सेन्सर असतोय, चाक किती जोरात फिरालंय ते सांगतोय. एक बी सेन्सर गप बसला की दिवा पेटला. साधा ब्रेक लागतोच, पन म्हातारीला ते कोन पटवनार. आदी एका मिस्त्रीनं दिवा घालवून दिल्ता, पन गावाकडच्या वळनावर परत पेटला. त्यात त्याचा दोष न्हाय, हुब्या गाडीत सगळं ठीकच दिसायचं.

माजा जॅक खाली जाईना, मंग फळ्यावर चढवून गाडी उचलली. स्कॅनर लावला, म्हनला पुढलं डावं चाक. हातानं चाक फिरवलं तर आकडा बरोबर यालाय! परत फिरवलं, परत बरोबर. माजं डोकं फिरलं. मंग इचार केला, दिवा वळनावरच का पेटतोय, आन संतोषला म्हनलं स्टेरिंग उजवीकडं पार शेवटपतूर मारा. मारलं, मी चाक फिरवलं, आन आकडा गायब! सरळ केलं की आला, वळवलं की गेला. मी असा वरडलो की चहावाला परत पळत आला. घावलं, घावलं म्हनून नाचायचाच बाकी हुतो.

हातातली ब्याटरी पेटवून आत वाकलो, तर सेन्सरची वायर लोखंडी दांड्याला काळ्या दोऱ्यानं आवळून बांधलेली, दोऱ्यात एक बिब्बा. वायरीला ढील पायजे असती की, चाक वळलं की ती बी वळती. हितं बांधल्यामुळं ती तानली, आन वरनं रबर साबूत पन आतली तार तुटली. माज्या तोंडातनं भसकन निगून गेलं, आरं ही तर चातीवरची लोकर, आन गाठ बी आपलीच, कोकराच्या पायाला मारत्यात ती, हितं कुनी बांधली?

मावशी भितीला धरून खाली बसली. म्हनली, म्याच बांधली रं. नजर लागू नये म्हनून काळा दोरा बांधू म्हनलं तर संतोष म्हनला ह्या गाडीला बरं दिसत न्हाय, मंग ह्यो झोपल्यावर आत, दिसायची न्हाय अशी बांधली. माज्याच हातानं लेकराचा ब्रेक मोडला की रं बिरा. आन रडाया लागली. मला वाटलं माजी जीभ तोडून टाकावी.

म्या म्हनलं आता पोरगा भडकनार. तो तिच्यापाशी हुकिडवा बसला आन म्हनला, आई, तुजं गुडगं धड वाकत न्हाईत, येवढ्या खाली तू हात घातलास कसा? ती म्हनली, घातला की, आडवी पडून. मंग तो बी रडाया लागला, आन माजं काय इचारू नका.

पुन्याहून वायरीसकट नवा सेन्सर मागवला, दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅव्हल्सनं आला, बसवला, दिवा गेला. पन म्हातारी म्हनली दिवा नगं सांगू, ब्रेक दाव, आन तूच चालीव. शिटं दोनच, मंग मालक ऱ्हायलं रस्त्यावर आन मी न् मावशी सुसाट! मोकळ्या रस्त्यावर, बारीक वाळू हुती तितं, मी दिला कचकन ब्रेक. पायाखाली पॅडल थरथरलं, म्हंजे एबीएस कामाला लागलं, गाडी रेषेत हुबी. मावशीनं डॅशबोर्ड गच धरल्याला, हळूच डोळं उगडलं, आन म्हनली, परत मार. काय हसली वो ती! असलं सुक मला लगनात बी झालं न्हवतं, बायकोला सांगू नका.

निगताना संतोष म्हनला, आई, दोरा बांध. ती म्हनली नगं बाबा, परत काय मोडंल. मंग म्या त्याला गाडी ओढायचा हूक दावला, म्हनलं मालक, हितं वायर न्हाय, हितं बांधा. पांढऱ्या शर्टासकट तो माज्या ऑइलाच्या फरशीवर उताना झोपला, आन मावशी वरनं सांगालती, आसं न्हाय, खालनं घे, आता वड, वड की जोरात. गाठ त्याला काय जमंना, पन तिनं त्याला उठू दिलं न्हाय, गाठ पक्की बसल्यावरच सोडलं.

आता मावशी बंगळुरात हाय. अदनंमदनं फोन करती, दिवा पेटला न्हाय म्हनून सांगती, आन तू जेवलास का इचारती. मी म्हनतो जेवलो मावशे. सुखात ऱ्हावा दोगं बी.