‘जातो’ म्हणू नये

हॅलो?… हॅलो, कोण… ताई? थांब, दूध उतू चाललंय… हं, बोल… राखाडी स्वेटर, हो, तुझाच, न विचारता घातला तिने, त्यावरून नंतर भांड… साबणाची जाहिरात मी नाही लावली… गुडघ्याला काय झालंय, ठणठणीत आहे… अगं, एकेक विचार ना. सगळं एकदम विचारलंस तर मी काय सांगू.

हो. टीव्हीवर दिसली ती आपली आईच.

झोपलीय आत. घोरतेय. रात्रीतून अख्ख्या गावात गाजली बाई, आणि तिला पत्ता नाही… अगं ऐक ना, पहिल्यापासून सांगते. पण मध्ये मध्ये ‘मग, मग’ करू नकोस, माझा धागा तुटतो.

काल आमच्या रात्रीच्या विनोदी कार्यक्रमाचा शेवटचा भाग होता, म्हणून आईला घेऊन गेले होते. लोकांना माहीत नव्हतं, आम्हाला होतं… त्या पुलाच्या विनोदावरून, दुसरं काय. मंत्र्यांनी एकाच पुलाचं तीनदा उद्घाटन केलं, तर हा आमचा सूत्रसंचालक म्हणाला, पूल तोच, कात्री मात्र दर वेळी नवी. झालं. चॅनेलच्या मालकांना वरून फोन, मालकांचा आमच्या साहेबांना फोन. सोमवारपासून त्या वेळेला स्वयंपाकाचा कार्यक्रम… हसू नकोस, खरंच. रात्री बारा वाजता फोडणी.

आणि अट काय, तर निरोप घ्यायचा नाही. ‘संपतंय’ हा शब्दच काढायचा नाही. रोजच्यासारखं हसायचं, रोजच्यासारखं ‘येतो’ म्हणायचं आणि उठायचं… हो, गुपचूप. पोत्यात घालून मांजर सोडून यावं तसं.

माझं काम तुला ठाऊक आहे. काचेमागे बसायचं. तो बोलतो ते घरोघरी पोचायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात शिवी-बिवी आली तर बटण दाबून आवाज गिळायचा. इतकी वर्षं शिव्या गिळल्या. काल सांगितलं, निरोप गिळ… म्हटलं ना मी, ‘बरं’ म्हटलं. काय म्हणणार? घर माझ्या पगारावर चालतं.

कार्यक्रम छान झाला. शेवटी तो उठला, चष्मा पुसला, समोर बसलेल्यांकडे बघितलं. आणि म्हणाला, ‘जातो.’

तेवढंच, ताई. ‘ये’चा ‘जा’ केला. एक अक्षर.

नाही, कोणी ओरडलं नाही. आधी थोडे हसले, जीभ घसरली म्हणून. मग ते हसू मध्येच थांबलं… कसं सांगू… लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते ना, तसं. कळलं लोकांना. सगळ्यांना, एकदम. माझ्या कानात साहेब, दाब, दाब, अगं दाब ना. आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, ‘जातो म्हणू नये रे. येतो म्हणावं.’

आई. बसल्या जागेवरून. आपण शाळेला निघताना द्यायची ना, तोच दम… हो, तोच, कान पिरगाळण्याआधीचा. कुठे माइक, कुठे कॅमेरा, हिला काय त्याचं. पोरगं दारातून निघताना अभद्र बोललं, एवढंच तिला ऐकू आलं.

आणि तो, अगं, भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस. खाली मान घालून उभा, वही विसरलेल्या पोरासारखा.

तुम्ही एवढंच पाहिलंत. मग साहेबांनी वरून साबणाची जाहिरात लावली. पण हॉलमध्ये पुढे… हो हो, सांगतेच आहे. हॉलमध्ये एकेक जण उठायला लागला. कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, येतो म्हणा. मग आणखी कोणी. घोषणा नव्हती गं ती. घरातल्या माणसाला सांगतात तसं, हळू. सगळा हॉल. कॅमेरावाल्यांनी कॅमेऱ्यावरचे हात काढले. मेकअपवाला पावडरचा डबा धरून तसाच. आमचा बुटका आहे ना, टाळ्यांचा दिवा लावणारा, त्याने सवयीने दिवा लावला. एकानेही टाळी वाजवली नाही. दिवा आपला जळतोय. मी त्या हॉलचा आवाज रोज ऐकते, ताई, त्यावरच माझं पोट आहे. पण इतकी माणसं एकाच माणसाशी इतकं हळू बोलतात, हे… कधी ऐकलं नव्हतं.

म्हणाला. ‘येतो, आई’ म्हणाला.

काय म्हणणार ती? ‘हं. सावकाश ये.’ आणि पायाशी पडलेली पर्स शोधायला लागली. टॅक्सीत मला म्हणते, पोरगा गुणाचा आहे, पण जेवतो की नाही वेळेवर?

हं… तेच तर. सकाळी साहेबांचा फोन आला. बटण बिघडलं होतं असं सांग, म्हणाले, नव्या कार्यक्रमात तुझी खुर्ची पक्की. दुपारपर्यंत विचार कर… चिडून नाही गं, गोड बोलत होते. त्याचीच धास्ती वाटली.

अगं, बटण नवंकोरं आहे. ज्या मिस्त्रीने बसवलं, त्याच्या गळ्यात पडेल ते. तोही पोटासाठीच करतो ना?

नाही ताई… नाही, तेही नको. मानतील, हो. आईचा आवाज ऐकून हात थिजला, कोणीही मानेल. आईचा आवाज बंद करणं आजवर कोणाला जमलंय… बाबांनाही नाही, बरोबर. पण तसं सांगणार नाही मी.

नोकरी जाईल, ठाऊक आहे. बघू. तू भावजींना काही बोलू नकोस… रडतेयस का? मग नाक कशाला ओढतेस?

आई उठली वाटतं… हो गं आई, ताई आहे, हो, स्वेटरचं कळलंय तिला… ठेवते मी. साहेबांना आत्ताच लावते फोन, दुपार कशाला बघायची.

हात थिजला असं का नाही सांगणार म्हणजे? तसं झालं नाही, म्हणून.

तो ‘जातो’ म्हणाला, तेव्हाच मी बटणावरचं बोट काढलं होतं. आई त्यानंतर बोलली.