मधुमामाचं सावधान

पिक्चरले आवाज जुळवायचा म्हटला की मले आमचा मधुमामाच आठवते. साखरखेर्ड्याले माह्या बहिणीचं लग्न त्यानं कॅमेऱ्यात धरलं, पण कॅमेरा मुका. म्हणून आवाजासाठी दोन टेपरेकॉर्डर ठेवले, एक मांडवात अन् एक आचाऱ्यापाशी.

मंग डोणगावचे व्याही-विहीण बोलावून पिक्चर लावला.

मी म्हटलं, "मामा, पिक्चर अन् दोन टेपा, तिन्ही जुळतीन कसे?"

"सोपं हाय बे. भोंग्यावरचं 'सावधान' दोन्ही टेपांत हाय. पडद्यावर अक्षता उडाल्या, की तिथून सोडायच्या."

पण सावधान तं प्रत्येक मंगलाष्टकाले येते! मामानं एका टेपेत पयलं धरलं, दुसरीत शेवटचं.

पडद्यावर पंगत बसली. विहीणबाईनं बोलायले तोंड उघडलं, अन् आचाऱ्यापाशच्या टेपेतून आवाज आला माह्या मावशीचा, "त्या व्याह्याले आधी वाढा वं, नाही तं बुढा पत्रावळीसकट खाईन!"

व्याही लालबुंद. मावशी खांबामागं. मामा मशीन बंद करत ओरडला, "आवाज चुकला हो, आवाज चुकला!"

विहीणबाई पदर सावरत म्हणाल्या, "बंद काऊन केलं, भाऊ? इतक्या वर्षांत पयल्यांदाच माह्या मनातलं माह्या तोंडून निंघालं. पुन्हा लावा."